दात न येणारी मुलं: दोष आईचा नाही, मागच्या जन्माचाही नाही

बाळाला पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो. कुणाला चौथ्यात, कुणाला दहाव्यात. घरात त्याचं कौतुक होतं, आणि वरचा दात आधी दिसला तर 'मामाला जड' अशी कुजबुजही होते. (बाळाच्या दाताचा आणि मामाच्या तब्येतीचा संबंध काय, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. पण ही कुजबुज मी आपल्या बौद्ध घरांमध्येही ऐकली आहे.) वर्ष उलटलं, दीड वर्ष झालं, तरी हिरडी गुळगुळीतच राहिली, तर घरचे म्हणतात, "येतील, घाई काय आहे?" बहुतेक मुलांना येतातही. कधी कुपोषणामुळे, कधी थायरॉइडच्या कमतरतेमुळे उशीर झालेला असतो. थोड्या मुलांना मात्र येत नाहीत, कारण हिरडीखाली दाताचं बीजच तयार झालेलं नसतं.

हा लेख त्या थोड्या मुलांविषयी आहे. संख्या लहान असली, तरी वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्याला हा विषय माहीत असायला हवा. कारण यातल्या काही मुलांच्या बाबतीत दात नसणं ही फक्त खूण असते. खरा धोका वेगळाच असतो, आणि तो एप्रिल-मे महिन्यात येतो.

या विकाराचं नाव हायपोहायड्रोटिक एक्टोडर्मल डिस्प्लेशिया. डॉक्टर थोडक्यात 'ईडी' म्हणतात, पण ईडी म्हटलं की हल्ली आपल्याला वेगळीच धाड आठवते, म्हणून मी इथे एचईडी म्हणते. हायपोहायड्रोटिक म्हणजे घाम कमी येणारा. एक्टोडर्म म्हणजे गर्भाचा सगळ्यात बाहेरचा थर. डिस्प्लेशिया म्हणजे घडणीतला बिघाड. वैद्यकीय पुस्तकांत लाख जन्मांमागे एक ते सात मुलं असा अंदाज दिलेला असतो. सौम्य प्रकार ओळखलेच जात नाहीत, हेही लक्षात घ्यायला हवं.

दात आणि घाम यांचा संबंध काय?

गर्भ तीन आठवड्यांचा होतो तेव्हा त्याचे तीन थर पडतात. बाहेरच्या थरापासून कातडी, केस, नखं, घामाच्या ग्रंथी आणि दातावरचं कठीण, चमकदार आवरण तयार होतं. सहाव्या-सातव्या आठवड्यात, आईला गरोदर असल्याची नुकतीच कुठे खात्री पटत असते तेव्हा, बाळाच्या होणाऱ्या जबड्यावर हा बाहेरचा थर जाड होतो, आत दुमडतो आणि त्याची एक कळी तयार होते. त्या कळीचा पुढे दात होतो. केस आणि घामाची ग्रंथी यांचीही सुरुवात अशीच, बाहेरच्या थराची कळी आत शिरून होते.

कळी कुठे धरायची, किती वाढवायची, याचे निरोप पेशी एकमेकींना देतात. त्यातला एक महत्त्वाचा निरोप्या म्हणजे एक्टोडिस्प्लेसिन नावाचं प्रथिन. हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकात बिघाड असेल, तर निरोप पोचत नाही. बांधकामावर मिस्त्री आहे, विटा आहेत, सिमेंट आहे, पण मुकादमाचा सांगावाच आला नाही, अशी गत होते. दात होत नाहीत किंवा मोजके होतात, केस विरळ राहतात आणि घामाच्या ग्रंथी फार कमी होतात, कधी होतच नाहीत. त्यामुळे दातांच्या डॉक्टरला तोंडात जे दिसतं, त्याचा दुसरा भाग कातडीत लपलेला असतो.

दुधाचे दात वीस आणि कायमचे बत्तीस. एचईडी असलेल्या मुलाला यातले पाच-सात येतात, कधी एकही येत नाही. जे येतात, ते पटाशीचे दात असूनही पटाशीसारखे सपाट नसतात. खिळ्यासारखे, टोकदार असतात. डोक्यावरचे केस पातळ आणि फिके, भुवया जवळजवळ नसल्यासारख्या, डोळ्यांभोवतीची कातडी काळपट आणि सुरकुतलेली, नाकाचा दांडा बसका, ओठ जरा पुढे. लाळ कमी, डोळ्यांत पाणी कमी, नाकात सतत घट्ट खपल्या. आवाज अनेकदा घोगरा. दात नसले की जबड्याचं हाडही नीट वाढत नाही, त्यामुळे चेहऱ्याचा खालचा भाग आखूड दिसतो. एकमेकांशी काहीही नातं नसलेली अशी दोन मुलं शेजारी बसवली, तर सख्खे भाऊ वाटावेत.

शाळेत या मुलाला 'बोळक्या' म्हणतात, 'म्हातारा' म्हणतात. अमेरिकन नट मायकेल बेरीमन यांनाही हाच विकार. १९७७ सालच्या 'द हिल्स हॅव आइज' या भयपटामुळे ते जगभर ओळखले गेले आणि पुढेही भीतिदायक माणसांच्याच भूमिका त्यांना जास्त मिळाल्या. चेहऱ्याची ठेवण वेगळी असली की लोक तिला कुठल्या खणात टाकतात, ते यातून दिसतं. या मुलांची बुद्धी मात्र इतर मुलांसारखीच असते. ती कमी पडली तर त्याचं कारण बहुतेक वेळा लहानपणी अंगाची उष्णता हाताबाहेर जाऊन मेंदूला झालेली इजा हे असतं, आणि ती इजा टाळता येते.

आता उष्णतेविषयी. आपल्या अंगात सतत उष्णता तयार होत असते. घाम येतो, तो वाळतो, वाळताना कातडीची उष्णता घेऊन जातो. माठातलं पाणी थंड होतं त्याच तत्त्वावर. ज्याला घामच येत नाही, त्याचा माठ पाझरत नाही. खेळला की तापतो, उन्हात उभा राहिला की तापतो. तान्हं बाळ तर नुसतं झबलं-टोपडं घालून दुपट्यात गुंडाळून ठेवलं तरी तापतं. मग ताप आला म्हणून डॉक्टरकडे नेतात. अँटिबायोटिकचा एक कोर्स होतो, मग दुसरा. जंतुसंसर्ग नसेल तर त्याने काय होणार? इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. आजारपणाचा ताप आणि बाहेरच्या उष्णतेने चढलेला पारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅरासिटामॉल पहिल्यावर काम करतं, दुसऱ्यावर नाही. दुसऱ्याला उतारा एकच, अंग थंड करणं. कपडे काढा, सावलीत घ्या, ओल्या फडक्याने सगळं अंग पुसा, वारा घाला, पाणी पाजा, आणि तरीही मूल मलूल असेल, बरळत असेल, झटके येत असतील, तर अंग ओलं ठेवतच दवाखाना गाठा. लहान वयात या मुलांचे जीव गेले आहेत ते मुख्यतः याच कारणाने आणि छातीच्या संसर्गाने.

नागपूर-चंद्रपूरकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. तिथे पत्र्याच्या घरात अशा मुलाचं काय होत असेल, याचा विचार करा. हवा कातडीपेक्षा गरम असेल तर नुसता पंखा उपयोगाचा नाही, तो गरम हवाच अंगावर मारतो. अंग किंवा कपडा ओला हवा आणि मग पंखा. कूलर विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत चालतो, कोकणात आणि मुंबईत दमटपणामुळे तितका चालत नाही. एका वस्तीत मला एक आई भेटली. तिने मुलाचं बनियन माठाच्या पाण्यात बुडवून, पिळून दर अर्ध्या तासाने त्याला घालायचं, असा नेम ठेवला होता. विकाराचं नाव तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. मूल कशाने शांत होतं, ते बघून बघून ती तिथपर्यंत आली होती. जगभरातल्या माहितीपत्रकांत या मुलांसाठी जो पहिला सल्ला असतो, तो हाच.

या विकाराच्या अभ्यासाची एक गाठ आपल्याच भागाशी बांधलेली आहे. चार्ल्स डार्विनच्या 'द व्हेरिएशन ऑफ अ‍ॅनिमल्स अँड प्लँट्स अंडर डोमेस्टिकेशन' या ग्रंथाच्या १८७५ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची नोंद आहे. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. वेडरबर्न नावाच्या गृहस्थाने डार्विनला ही माहिती दिली होती. या कुटुंबात चार पिढ्यांत दहा पुरुष असे झाले की त्यांच्या दोन्ही जबड्यांत मिळून पुढचे चार बारके दात आणि मागच्या आठ दाढा, एवढंच होतं. अंगावर केस फार कमी, टक्कल लवकर, आणि उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून फार त्रास. सिंधच्या उन्हाळ्यात हा त्रास लपून राहणं शक्यच नव्हतं. डार्विनने त्या दहा जणांची नावं लिहिलेली नाहीत, दात मात्र मोजून लिहिले आहेत.

पण त्याने आणखी एक गोष्ट टिपली होती. त्या घरातल्या मुलींना हा त्रास कधी झाला नाही, तरी तो त्यांच्या मुलांमध्ये उतरला. आणि त्रास असलेल्या बापाकडून त्याच्या मुलाकडे तो एकदाही गेला नाही. याचं कारण डार्विनकडे नव्हतं. मेंडेलचा निबंध १८६६ मध्येच छापून झाला होता, पण त्याकडे जगाचं लक्ष गेलं ते १९०० मध्ये. पुढे १९२१ साली थडानी या अभ्यासकाने सिंधमधल्या हैदराबादच्या अशा दात नसलेल्या पुरुषांवर अनुवंशशास्त्राच्या नियतकालिकात लेख लिहिला. प्रत्यक्ष जनुक सापडलं १९९६ मध्ये. सिंधच्या त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जे दिसत होतं, त्याचं कारण कळायला डार्विनच्या नोंदीपासून एकशे एकवीस वर्षं लागली.

ते कारण असं. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बाईकडे दोन एक्स असतात, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. बाईच्या एका एक्सवरचं जनुक बिघडलं तरी दुसरं बरंचसं काम सांभाळून घेतं. पुरुषाकडे दुसरं नसतंच. म्हणून त्रास मुख्यतः मुलांना होतो आणि जनुक आईकडून येतं. अशा आईच्या प्रत्येक मुलाला विकार होण्याची शक्यता निम्मी आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यताही निम्मी. विकार असलेल्या पुरुषाच्या सगळ्या मुली वाहक होतात, मुलांना मात्र काही होत नाही, कारण मुलाला तो वाय देतो. कधी कधी आईकडे बिघाड नसतानाही मुलात तो नव्यानेच झालेला असतो.

इथे आपल्या घरांतलं राजकारण सुरू होतं. 'तुझ्या माहेरचं खूळ आमच्या घरात आणलंस.' हे वाक्य बोलायला सासरच्यांना जनुकशास्त्र यावं लागत नाही, आणि दुर्दैवाने अर्धवट जनुकशास्त्राचा त्याला आधार मिळतो. म्हणून कार्यकर्त्याने ही गोष्ट पूर्ण सांगायला हवी. जनुक आईकडून आलं, म्हणजे आईने काही केलं असं होत नाही. तिलाही ते तिच्या आई किंवा वडिलांकडूनच मिळालं. दोन एक्सपैकी कुठला बाळात जाणार हे नाणं उडवण्यासारखं असतं. ग्रहणात तिने काय चिरलं, गरोदरपणात काय खाल्लं, यातल्या कशाचाही याच्याशी संबंध नाही.

शिवाय ती स्वतःही थोडी रुग्ण असते, हे तर कुणीच बघत नाही. वाहक बाईचा एखादा पटाशीचा दात नसतो किंवा बारीक, टोकदार असतो. केस पातळ असतात. अंगाला कुठे घाम येतो, कुठे येत नाही. काही जणींच्या स्तनांची वाढ कमी होते आणि बाळाला पुरेसं दूध येत नाही. दूध येत नाही म्हणून ती पुन्हा बोलणी खाते. जाणता डॉक्टर अशा मुलाला तपासताना आईला सांगतो, "तुम्ही जरा तोंड उघडा."

एचईडीचे आणखीही प्रकार आहेत. एका प्रकारात आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेलं जनुक यावं लागतं. तिथे मुलगा-मुलगी फरक नाही, दोघांनाही सारखाच त्रास होतो. जवळच्या नात्यातल्या लग्नांमध्ये हा प्रकार होण्याची शक्यता वाढते. मामाची मुलगी करण्याची रीत महाराष्ट्रात अनेक समाजांत आहे, आपल्यातही आहे. धम्म स्वीकारला म्हणून ती आपोआप गेलेली नाही. यावर घरात मोकळेपणाने बोलायला हरकत नसावी. मात्र एक सावधगिरी हवी. अशा मुलाच्या बहिणीचं लग्न मोडायला ही माहिती वापरली जाऊ नये. तिने तपासणी करावी का, कधी करावी, हा तिचा निर्णय आहे आणि त्यासाठी अनुवंश-सल्ला देणारे डॉक्टर मोठ्या रुग्णालयांत असतात.

आणि मग ते नेहमीचं उत्तर येतं: मागच्या जन्मीचं पाप. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात या उत्तराचा समाचार घेतला आहे, आणि गंमत म्हणजे तिथे त्यांनी अनुवंशशास्त्राचाच आधार घेतला आहे. विज्ञान सांगतं की मुलाला गुण आईवडिलांकडून मिळतात. पूर्वकर्माचा सिद्धांत मात्र असं धरून चालतो की मूल स्वतःचा वारसा स्वतःच घेऊन येतं, आईवडील देतात ते फक्त शरीर. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही, असा त्यांचा मुद्दा आहे. ते पुढे असंही दाखवून देतात की हा सिद्धांत गरिबांच्या आणि दुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याच्या आणि समाजाच्या अंगावरून काढून टाकतो. दात नसलेल्या मुलाच्या बाबतीत हे अगदी शब्दशः लागू पडतं. पाप म्हटलं की शाळेला पंखा बसवावा लागत नाही आणि दवाखान्याला कवळी करून द्यावी लागत नाही.

कवळी हा शब्द ऐकून अनेकांना हसू येतं. चार वर्षांच्या पोराला कवळी? हो. तीन-चार वर्षांच्या वयापासून मुलाला कवळी बसवता येते, आणि शाळा सुरू होण्याआधी बसवली तर चावणं, बोलणं आणि चेहरा, तिन्हीत फरक पडतो. टोकदार दात असतील तर त्यांवर दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट चढवून ते पटाशीसारखे करता येतात. ते दात उपटू नयेत, कारण त्यांच्या आधाराने जबड्याचं हाड टिकतं आणि कवळीलाही धर मिळतो. हाडात स्क्रू बसवून पक्के दात लावायचे ते सहसा जबड्याची वाढ पूर्ण झाल्यावर. हिरडीखाली किती बीजं आहेत, ते कळायला जबड्याचा मोठा एक्स-रे काढतात, त्याला ओपीजी म्हणतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांमध्ये मुलांच्या दातांचा आणि कृत्रिम दातांचा असे वेगवेगळे विभाग आहेत. खाजगी दवाखान्यात जाण्याआधी तिथे जावं, हे माझं मत. खर्चाचा प्रश्न आहेच, पण या मुलाला एका डॉक्टरची गरज नसते. दात, त्वचा, नाक-कान-घसा, डोळे, बालरोग, सगळं बघावं लागतं.

मूल तिथवर पोचवायचं कसं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी त्यात आहे. पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जायचं असतं. तपासायच्या आजारांच्या यादीत दातांचे आजारही आहेत. पण व्यवहारात दात बघणं म्हणजे कीड बघणं. जो दात नाहीच, त्याला कीड कुठून लागणार? रकाना कोरा राहतो आणि मूल पुढे सरकतं. म्हणून आपल्या वस्तीत पथक येईल त्या दिवशी तिथे थांबा आणि दीड वर्षाचं होऊनही एकही दात नसलेलं मूल असेल, तर ते दाखवून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मागून घ्या. अंगणवाडी ताईला तीन प्रश्न सांगून ठेवा: दात किती आले? उन्हाळ्यात कारण नसताना ताप चढतो का? खेळल्यावर घाम येतो का?

शाळेतली लढाई वेगळी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात एचईडीचं नाव नाही. त्यामुळे या मुलाकडे दाखवायला कागद नसतो. मग प्रार्थनेला उन्हात उभं राहणं, पंधरा ऑगस्टची कवायत, एप्रिलची परीक्षा, सगळं इतरांसारखंच करावं लागतं. डॉक्टरकडून एक साधं पत्र घ्या: मुलाला घाम येत नाही, त्याला सावलीत बसू द्यावं, हवं तेव्हा पाणी पिऊ द्यावं आणि कपडे ओले करू द्यावेत. मुख्याध्यापकांना भेटायला आईला एकटीला पाठवू नका.

उपचाराच्या बाजूने एक मोठी गोष्ट घडली आहे. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या विद्यापीठ रुग्णालयात एका गरोदर बाईच्या पोटातल्या जुळ्या मुलांना हाच विकार असल्याचं आधीच कळलं होतं. डॉक्टरांनी हरवलेल्या निरोप्यासारखं काम करणारं प्रथिन प्रयोगशाळेत बनवून सव्विसाव्या आणि एकतिसाव्या आठवड्यात गर्भजलात सोडलं. बाळांनी गर्भजल गिळलं आणि त्यासोबत ते प्रथिनही. दोघांनाही नेहमीसारखा घाम येऊ लागला, त्यांच्या दातांची बीजंही अपेक्षेपेक्षा जास्त निघाली. हे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर मोठी चाचणी हाती घेतली गेली. जन्मानंतर हेच प्रथिन देऊन पाहिलं होतं, त्याचा असा उपयोग झाला नव्हता, कारण ग्रंथी घडण्याची वेळ निघून गेलेली असते. हे औषध आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात येईल तेव्हा येईल. 'दात उगवणारं औषध' म्हणून कुणी पुड्या विकायला लागला, तर त्याला आधी विचारा, की बाळ जन्मायच्या आधी देतोस का?

पहिली कवळी बसवली की मूल ती काढून फेकतं, कधी दप्तरात लपवतं. दोन-चार आठवडे असंच चालतं. रागावू नका. आधी नुसती तोंडात ठेवायची, मग मऊ भात, मग वरणात कुस्करलेली पोळी. भाकरीचा पापुद्रा सगळ्यात शेवटी. रात्री काढून पाण्यात ठेवायची. जबडा वाढत असतो, त्यामुळे ती काही वर्षांतच घट्ट होते आणि नवी करावी लागते. दर सहा महिन्यांनी दाखवायला जायची तारीख मुलाच्या लसीकरणाच्या कार्डावरच लिहून ठेवा, ते सहसा हरवत नाही.